विहीर वगळून

नाव: क्लेमेंट पास्कोल मिस्किटा. राहणार: उंडीची पाखाडी, अंधेरी पूर्व, जिल्हा मुंबई उपनगर. धर्म: ख्रिस्ती. मातृभाषा: मराठी (खातेदाराने दोनदा सांगितल्यावरून नोंदवली). व्यवसाय: शेतकरी. पिकाचे नाव: भात. जमिनीवरील झाडे: उंबर एक, उंडी दोन. ओलिताचे साधन: विहीर एक, पक्की, बारमाही. शेरा: काही नाही.

वरचा मजकूर सरकारी असल्यामुळे तो खरा धरून चालायला हरकत नाही. तपशिलात थोडा फरक पडला आहे, एवढंच. उंबर रस्तारुंदीत गेला. एक उंडी वादळात एका गाडीवर पडली आणि गाडीवाल्याने झाडाचा मालक म्हणून क्लेमेंटला नोटीस पाठवली. दुसरी उंडी कधी गेली ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. भाताच्या जागी बावीस मजली इमारत आहे. तिचं नाव 'ओरायझा हाइट्स'. ओरायझा म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या लॅटिनमध्ये भात. बिल्डरच्या शिकलेल्या मुलाने हे नाव शोधून काढलं असं म्हणतात. तेव्हा त्या जागी अजूनही भातच आहे, ही सरकारी नोंद अगदीच खोटी म्हणता येत नाही.

क्लेमेंट सत्तरीला टेकलेला, काटक, घरात हाफपँट आणि बनियनवर वावरणारा माणूस. तरुणपणी तो पंख्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायचा आणि परत आला की शेतात उतरायचा. कारखाना बंद पडला, शेत विकलं गेलं, पण दुपारी घराबाहेर पडायची सवय गेली नाही. मग तो पाखाडीच्या, म्हणजे या जुन्या वस्तीच्या, तोंडाशी उभा राहून लोकांना पत्ता सांगू लागला. त्याने पत्ता सांगितलेला माणूस सहसा परत दिसत नसे, कारण क्लेमेंट शेतांच्या नावांनी पत्ता सांगतो.

"बँक काय? सरळ लांबटाच्या शेवटापर्यंत जा. तिथून खालच्या पाणथळात उतर, आणि मोठ्या खाचराच्या बांधावर उजवीकडे."

लांबट म्हणजे आताचा सिग्नल. पाणथळ म्हणजे मेट्रोच्या खांबांची रांग. मोठ्या खाचरात दोन कॉल सेंटरं आणि एक मंगल कार्यालय आहे. क्लेमेंटच्या लहानपणी दारात उभं राहिलं की थेट मिठी नदीपर्यंत भात दिसायचा, आणि भात कापला की त्याच ओलीवर वाल पेरायचे. ऑक्टोबरात आगेऱ्याच्या सणाला नव्या भाताची पहिली पेंढी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, न्यायचा मान मिस्किटांचा. आगेरा अजून होतो. पेंढी वसईहून कुणाच्या तरी गाडीच्या डिकीतून येते, आणि फादर तिला आशीर्वाद देताना भाषणात 'आपल्या मातीतलं' असं म्हणतात. क्लेमेंट तेव्हा बुटांकडे बघतो.

त्याने सांगितलेला पत्ता ज्याला पहिल्या फटक्यात कळतो असा माणूस आता एकच उरला आहे, लवू. लवू मूळचा कुडाळकडचा. गिरणी बंद पडल्यावर तो परळ सोडून मिस्किटांच्या मागच्या खोलीत भाड्याने आला तेव्हा इथे अजून बेडूक होते. पुढे त्याने वॉचमनची नोकरी धरली. घरातून निघताना समोरून भरलेली घागर येताना दिसली की लवू चपला काढून हात जोडतो. भरली घागर म्हणजे शुभ. पाखाडीत घरोघरी नळ आले आणि लवूचे हात जोडायचे प्रसंग कमी होत गेले.

शेत विकायची वेळ आली ती क्लेमेंटला हौस होती म्हणून नव्हे. आजूबाजूच्यांनी एकेक करून आपल्या खाचरांत भराव टाकला. चहूबाजूंनी जमीन उंच झाली की मधल्या शेतात पाणी एक तर येत नाही, नाहीतर आलेलं जात नाही. दोन वर्षं भात कुजला. तिसऱ्या वर्षी क्लेमेंटने बायकोला विचारलं.

बायको एथेल. ही गोराईची. गोराईचं पाणी त्या काळी मचूळ. लग्न होऊन ती पाखाडीत आली, पहिल्याच दिवशी तिने मिस्किटांच्या विहिरीचं पाणी पेलाभर प्यायलं आणि सासूला विचारलं, "ह्याच्यात साखर घातलीय काय?" सासू ही गोष्ट मरेपर्यंत प्रत्येक पाहुण्याला सांगायची. नळ आल्यावरही एथेलने प्यायचं पाणी आणि डाळ शिजवायचं पाणी विहिरीचंच ठेवलं. नळाच्या पाण्यात डाळ शिजते पण मिळून येत नाही, असं तिचं म्हणणं.

"जमीन दे," एथेल म्हणाली. "पाणी नको देऊस."

"नाय देणार."

"शब्द दे."

"दिला."

म्हणून खरेदीखतात क्लेमेंटने 'विहीर व तिच्या सभोवतालची पंधरा फूट जागा वगळून' असे शब्द हट्टाने घालून घेतले. बिल्डरच्या वकिलाने काडीची खळखळ केली नाही, उलट स्वतःच्या पेनाने त्या शब्दांखाली ठळक रेघ ओढली. घरी येताना क्लेमेंटला वाटलं, आपण आयुष्यात एकदा तरी शहाण्यासारखं वागलो. त्याने एथेलला ते वाक्य तीनदा वाचून दाखवलं. इमारतीला दुमजली तळघर होतं, गाड्यांसाठी. ते किती खोल जाणार हे विचारायचं क्लेमेंटला सुचलं नाही. शेतकरी माणूस, त्याने इमारत वरच्या दिशेने मोजली.

विहीर जागची हलली नाही. दगडी बांधकाम तसंच, कठडा तसाच. डासांसाठी महापालिकेने बसवायला लावलेली लोखंडी जाळी, तिला क्लेमेंटचं कुलूप. महिन्यातून एकदा डासवाला माणूस येतो, जाळी बघतो आणि 'जाळी आहे' असं लिहून घेतो. पाण्याबद्दल त्याच्या रकान्यात काही नसतं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी दोर अपुरा पडला. क्लेमेंटने दुसरा दोर जोडला. मग तोही अपुरा पडला. पावसाळ्यात पाणी येईल असं त्याला वाटलं. पावसाळा आला, अंधेरीचा भुयारी रस्ता भरला, लोकांच्या घरांत पाणी शिरलं, आणि क्लेमेंटच्या विहिरीच्या तळाशी कातळ तेवढा ओला झाला. एथेलच्या गुडघ्यांचं त्याच सुमारास ऑपरेशन झालं होतं. ती दारापर्यंतच चालायची, आणि विहीर पाखाडीच्या पार टोकाला.

"पाणी कसं हाय?" ती अंथरुणातून विचारायची.

"हाय की. भरपूर."

आणि क्लेमेंट बाजारातून पाण्याचा मोठा बुधला आणून मागच्या दाराने माठात ओतायचा. एथेल ते प्यायची आणि काही बोलायची नाही. डाळीबद्दलही तिने कधी तक्रार केली नाही. क्लेमेंटला ही गोष्ट आपल्या हुशारीची वाटत होती.

अशात शॅरनचं लग्न ठरलं.

शॅरन धाकटी, गोरेगावला एका ऑफिसात नोकरीला. थोरला नेव्हिल कॅनडात गेला तो तिकडेच लग्न करून मोकळा झाला. आता शॅरनचा होणारा नवराही कॅनडाचाच, लग्नानंतर महिन्याभरात दोघं जाणार. पाखाडीत लग्नाचं असं दुसरं कुणी उरलं नव्हतं. जी तरुण पोरं होती ती मीरा रोडला नाहीतर वसईला राहायला गेलेली, आणि उरलेल्यांची वयं आगेऱ्यात खुर्चीवर बसून राहण्याची. हे पाखाडीतलं शेवटचं लग्न, असं कुणी म्हटलं नाही, पण मांडववाल्याने सवयीने "पुढच्या वेळी डिस्काउंट देतो" म्हटलं तेव्हा कुणी हसलंही नाही.

मिस्किटांच्या घरी लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणतात. म्हणजे नवरीची आई, काकू, शेजारणी डोक्यावर कळश्या घेऊन, पुढे बँड लावून, नाचत गात विहिरीवर जातात. विहिरीला विडा आणि नाणं द्यायचं, पाणी मागायचं, आणि त्या पाण्याने मांडवात नवरीला आंघोळ घालायची. उंबर विहिरीला सावली देऊन होता तेव्हाचं हे नाव. उंबर गेला तरी पाण्याचं नाव तेच राहिलं.

लग्नाच्या हॉलची जी ताई सगळी व्यवस्था बघत होती, तिने टॅबलेटवर फोटो दाखवले. "आंटी, आमच्याकडे विहीर पण आहे. फायबरची. आत मोटर आहे, पाणी गोल फिरत राहतं, लाइट लागतात. खूप फॅमिलीज घेतात."

"आमची हाय," एथेल म्हणाली.

"म्हणजे?"

"विहीर. आमची स्वतःची हाय." आणि नवऱ्याकडे वळून, "सांग ना रे तिला."

"हाय," क्लेमेंट म्हणाला.

"मी जाणार हाय पाण्याला," एथेल म्हणाली. "गुडघे गेले खड्ड्यात. माझ्या पोरीचं पाणी मी आणणार."

त्या संध्याकाळी क्लेमेंट लवूच्या खोलीत जाऊन बसला. लवू कांदा चिरत होता.

"सांगान टाक मेल्या तिका सरळ," लवू म्हणाला. "विहीर आटली म्हणजे काय तुझो गुन्हो?"

"मी शब्द दिला होता."

"लग्नातय दिलो असशील की."

"तो सगळेच देतात. हा मी एकट्याने दिला होता."

लवूने कांदा बाजूला सारला. "मग करशील काय?"

"पाणी टाकायचं आत. टँकर आणून."

लवूने सुरी खाली ठेवली. "विहिरीत पाणी ओतून विहीर भरूक जातंस? दरयेत मीठ घालूक नाय सांगलंस ता बरा."

"एका दिवसापुरतं रे. कळशी बुडेल एवढं."

"आणि एथेलबायन टँकर बघलो तर?"

"शुक्रवारी ती फादरला भेटायला जाणार रिक्षाने, शॅरनला घेऊन. तेवढ्यात उरकायचं."

लवूने कांदा पुन्हा पुढे ओढला. "पाणी खंयचा असतला टँकरातला?"

"ते नको विचारू."

शुक्रवारी दुपारी भीमराज नावाचा टँकरवाला पाखाडीत शिरला तो आरशांवर ओरखडे घेत. खाली उतरून त्याने पाइप सोडला आणि विचारलं, "काका, टाकी कुठाय?"

क्लेमेंटने विहीर दाखवली.

भीमराजने विहिरीत डोकावून पाहिलं, मग क्लेमेंटकडे, मग लवूकडे. "काका, आमची लाइन अशी असते बघा. विहिरीतून टँकर भरायचा. तुम्ही गाडी उलटी चालवताय."

"तू ओत."

"ओततो ना, माझं काय जातंय. पण कुणी विचारलं तर मी नव्हतो. आमच्या धंद्यात हसतील मला."

पाइपमधून पाणी उतरू लागलं. कोरड्या कातळावर पाणी पडल्याचा आवाज क्लेमेंटने आधी कधी ऐकला नव्हता. या विहिरीत पाणी पाण्यावर पडायचं. पण टँकर रिकामा झाला तेव्हा खाली खरंच पाणी होतं, कमरेइतकं, काळं, वर आभाळाचा तुकडा घेऊन हलणारं. क्लेमेंट कठड्यावर वाकून राहिला. लवूने त्याचा बनियन मागून धरून ठेवला होता.

"झकास," क्लेमेंट म्हणाला.

"दिसता तरी विहिरीसारखी," लवू म्हणाला.

जाळीला कुलूप लावून क्लेमेंट घरी आला. त्या रात्री तो बऱ्याच दिवसांनी नीट झोपला.

सकाळी मांडववाले आले आणि त्यांनी पाखाडीच्या तोंडापासून बांबू रोवायला सुरुवात केली. क्लेमेंट उठून आधी विहिरीवर गेला. जाळी उघडली, वाकून पाहिलं. कातळ होता. कातळाच्या एका चिरेत ओंजळभर पाणी राहिलं होतं आणि त्यात एक प्लास्टिकचं बूच तरंगत होतं, टँकरातून आलेलं.

मागून हाक आली.

"क्लेमेंटभाई! मुबारक, मुबारक! आज मुलीचं काय ते फंक्शन ना?"

हे हर्षदभाई, ओरायझा हाइट्सचे सेक्रेटरी. सज्जन माणूस. इमारतीच्या कुंपणापलीकडून बोलत होते, हातात सकाळच्या फेरफटक्याची पाण्याची बाटली.

"आमच्याकडे मात्र काल काय झालं विचारू नका," हर्षदभाई म्हणाले. "खालच्या पार्किंगमध्ये पाणी. एकदम! पाऊस नाही, काही नाही. दोन्ही पंप लावावे लागले, पहाटेपर्यंत. तसं पाणी आम्हाला रोजचंच आहे, जमिनीतून येतच असतं, एक पंप चोवीस तास चालूच ठेवतो आम्ही. पण काल म्हणजे हद्द झाली. तुम्ही जुने लोक, तुम्ही सांगा, इथे खाली काही झरा-बिरा होता काय?"

क्लेमेंटने त्यांच्याकडे पाहिलं.

"होता," तो म्हणाला.

"बघा! मी मेंबर लोकांना हेच सांगत होतो."

"पाणी टाकता कुठे?"

"मागे. गटारात. आणखी काय करणार?"

हर्षदभाई पुढच्या फेरीला गेले. क्लेमेंट कुंपणाच्या कडेकडेने इमारतीच्या मागे गेला. हा पूर्वीचा खालचा बांध, इथे तो लहानपणी खेकडे पकडायचा. भिंतीतून एक जाडजूड पाइप बाहेर आला होता आणि त्यातून पाणी गटारात पडत होतं. सारखं, एकसुरी, मनगटाएवढ्या धारेने. चोवीस तास. बारमाही.

तो गुडघ्यावर बसला आणि धारेखाली ओंजळ धरली. पाणी थंड होतं. विहिरीतून भर दुपारी काढलेली कळशी जशी थंड लागायची तितकंच. क्षणभर त्याला वाटलं, झालं काम, कळश्या इथेच भरू. कुणाला काय कळतंय, पाणी तर तेच आहे. मग त्याने ओंजळ तोंडाशी नेली. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग होता आणि त्याला गाड्यांच्या ऑइलचा वास येत होता. त्याने तरी एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात धरून ठेवला. मग थुंकला.

परत येऊन त्याने भीमराजला फोन लावला. भीमराज बिचारा यायला तयार होता, तोंडापर्यंत आलाही, पण पाखाडीच्या तोंडाला मांडव उभा राहिला होता. शॅरनच्या लग्नाचा. टँकरला वाट नव्हती.

"बालद्यांनी घालूया?" लवूने विचारलं.

"पितोय तो कातळ," क्लेमेंट म्हणाला. "कालचा टँकर प्यायला."

"मग आता तरी सांग तिका."

क्लेमेंट सांगायला आत गेला. एथेल आरशासमोर होती. तिने सासूचं चौकड्यांचं लाल लुगडं नेसलं होतं, केसांत अबोली आणि सोन्याचं फूल. तिची तांब्याची कळशी चिंचेने घासून उंबऱ्यापाशी ठेवली होती, आणि चिंध्यांची चुंबळ तिने स्वतः वळली होती. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर क्लेमेंटने तिला असं सरळ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"कशी दिसते रे?"

"चांगली दिसतेस."

"एवढंच? पंख्याच्या कारखान्यात काम करून जीभ गरगरली काय तुझी?"

बाहेर बँडवाल्यांनी सूर लावायला सुरुवात केली होती.

मिरवणूक निघाली. पुढे बँड, मग बायका, मागे पुरुष, अगदी मागे हॉलच्या ताईने पाठवलेला फोटोग्राफर. पाखाडी केवढीशी, पण एथेल दर चार घरांमागे थांबायची, श्वास घ्यायची आणि थांबलेलं कळू नये म्हणून तेवढ्यात दोन पावलं नाचून घ्यायची. ओरायझा हाइट्सच्या गॅलऱ्यांतून लोक मोबाइल घेऊन बघत होते. एक लहान मुलगी वरून हात हलवत होती. बायकांनीही तिला हात हलवले.

क्लेमेंटने जाळीचं कुलूप काढलं. किल्ली दोनदा खाली पडली. त्याच्या मनात आलं, आता बोलावं. बँड एवढा मोठ्याने वाजत होता की बोलला असता तरी कुणाला ऐकू गेलं नसतं, आणि त्याने मनातल्या मनात याबद्दल बँडचे आभार मानले.

एथेलने विहिरीला विडा दिला, नाणं दिलं. मग कळशी सोडली. दोर गेला, गेला, आणखी गेला. कळशी पाण्याला टेकली की एक बुडका आवाज येतो. या पाखाडीत वाढलेल्या कुणालाही तो झोपेत ओळखता येईल. त्याऐवजी तांबं कातळावर आपटल्याचा ठण्ण आवाज आला. बँडच्या गोंगाटात तो कठड्याशी उभ्या असलेल्या चारपाच बायकांनाच ऐकू गेला. आणि क्लेमेंटला.

एथेलने विहिरीत वाकून पाहिलं नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं. दोन वर्षं क्लेमेंट तिच्या रागाची तयारी करत होता. काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, वकिलाचं नाव कधी काढायचं, सगळं त्याने ठरवून ठेवलं होतं. पण ती रागावलेली नव्हती. राग आला असता तर बरं झालं असतं.

मग एथेलने दोराला हिसका दिला. कळशी आडवी होऊन पाणी आत शिरावं म्हणून बायका देतात तसा. थांबली. कळशी भरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ थांबली. आणि दोन्ही हातांनी दोर ओढायला लागली. सावकाश. मध्ये दम खायला थांबून, पाय रोवून, ओठ आवळून. रिकामी कळशी म्हणजे वजन ते काय. एथेल भरलेली कळशी ओढत होती.

कळशी कठड्यावर आली. तिची जाऊ पुढे झाली, आत बघून काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं.

"धर गो," एथेल म्हणाली. "जड हाय."

जावेने तोंड मिटलं. तिने दोन्ही हात कळशीखाली घातले आणि दोघींनी मिळून ती उचलून एथेलच्या डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवली. मग जावेने आपली कळशी सोडली. ठण्ण. तिनेही दोराला हिसका दिला, तीही थांबली. मग शेजारीण. एकेक करून सगळ्या. फोटोग्राफर म्हणाला, "आंटी, जरा स्माइल," आणि त्या हसल्या.

परतताना बायका नाचल्या नाहीत. डोक्यावर भरली कळशी असली की नाचत नाहीत, पाणी सांडतं. एथेल मान ताठ धरून, एक हात कळशीला लावून, खड्डा आला की पाय चाचपून टाकत चालली होती. क्लेमेंट तिच्या मागे होता. त्याला चुंबळ दिसत होती. भरली कळशी कितीही जपली तरी चुंबळ भिजतेच, आणि मानेवरून एक ओघळ पाठीत उतरतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तो ओघळ बघण्यासाठी तो मुद्दाम तिच्या मागून चालायचा. आज चुंबळ कोरडी होती.

मांडवाच्या तोंडाशी लवू उभा होता. ड्यूटीवर निघालेला, वॉचमनच्या गणवेशात. कळश्यांमध्ये काय आहे हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या गावी रिकामी घागर समोरून आली तर माणूस घरात परत जातो, पाणी पितो आणि मग निघतो. लवूने एथेलला येताना पाहिलं. चपला काढल्या आणि कपाळाला लागेपर्यंत हात जोडले.

मांडवात शॅरन पाटावर बसली होती, जुना गाउन घालून, डोळे मिटून, खांदे आवळून. थंड पाण्याची वाट बघणारं माणूस जसं बसतं तशी. बँड थांबला. एथेलने कळशी उचलली आणि लेकीच्या डोक्यावर तिरकी केली.

काहीच झालं नाही.

शॅरनने एक डोळा उघडला. तिला कळशीचं आतलं तांबं दिसलं असणार, कोरडं, चिंचेने घासलेलं. मग आईचा चेहरा. मग आईच्या मागे उभा असलेला बाप, हातात जाळीची किल्ली.

"आई गो!" शॅरन किंचाळली. "किती थंड हाय हे!"

आणि तिने दोन्ही हातांनी तोंडावरून पाणी निपटलं, केस झटकले, कुडकुडून दाखवलं. बायकांनी एकच गिल्ला केला. बँड सुरू झाला. एकेकीने पुढे होऊन आपापली कळशी तिच्यावर रिती केली आणि ती प्रत्येक वेळी ओरडली. एथेलने कळशीच्या बुडावर दोन थापा मारल्या, शेवटचा थेंबही पोरीला मिळावा म्हणून. ओला म्हणण्यासारखा मांडवात शॅरनचा चेहरा तेवढा होता.

पाणी पुसायला आणलेला टॉवेल एथेलने लेकीच्या खांद्यावर टाकला. मग ती क्लेमेंटपाशी आली आणि कळशी त्याच्या हातात दिली.

"जाळी लावून ये," ती म्हणाली. "पोरं हायत आज. कुणी पडेल."

"एथेल..."

"माठातल्या पाण्याला प्लास्टिकचा वास येतो," ती म्हणाली. "दोन वर्षं येतोय. जा, जाळी लाव."

क्लेमेंट गेला. जाळी ओढण्याआधी त्याने एकदा खाली पाहिलं. कातळावर विडा पडला होता, सुटून पसरलेला, आणि शेजारी नाणं, छापा वर. कुंपणापलीकडे पंप चालू होता. त्याने कुलूप लावलं, ओढून पाहिलं. डासवाला माणूस सोमवारी येणार होता, त्याला जाळी व्यवस्थित सापडणार होती.

सरकारी कागदावर मिस्किटांची विहीर बारमाही आहे. शॅरनने आत जाऊन गीझरच्या पाण्याने आंघोळ केली.